पेटीत राखलेला मध : मधमाशांची पावसाळी बेगमी

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले की, कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर घरोघरी एकच लगबग सुरू होते. सरपण माळ्यावर चढते, भिंतींना गवताच्या झड्या बांधल्या जातात, धान्य, कडधान्य, मीठ-मिरची यांची चार महिन्यांची बेगमी केली जाते. पावसाळ्यात बाजाराची वाट बंद होते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्यामागे असतो. याच घरांच्या परसात, जांभळीच्या किंवा फणसाच्या सावलीत ठेवलेल्या मधपेटीत हजारो मधमाशाही नेमके हेच काम करीत असतात. फरक एवढाच की, माणसाने केलेली बेगमी कोणी उचलून नेत नाही. मधमाशांची बेगमी मात्र ऐन मे महिन्यात काढून घेतली जाते.

मधमाशापालन हा आपल्या राज्यातील डोंगराळ भागाचा एक महत्त्वाचा पूरक उद्योग आहे. त्याला जमीन लागत नाही, भांडवल थोडे लागते आणि शेतीच्या कामात त्याचा अडथळा होत नाही. तरीही एका बाबतीत हा उद्योग वारंवार अडखळतो. मे महिन्यात भरभरून मध देणारी पेटी सप्टेंबरमध्ये उघडावी, तर तिच्यात मेणकिड्याने पोखरलेली पोळी तेवढी आढळतात आणि मधमाशा नाहीशा झालेल्या असतात. पुष्कळदा याचा दोष पावसाला दिला जातो. पण पाऊस दर वर्षी येतो आणि जंगलातील मोहोळे त्यातून तगून राहतात. पेटीतील वसाहत अनेकदा पावसाने नव्हे, तर उपासमारीने मोडते. ही उपासमार टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. शेवटच्या काढणीच्या वेळी पेटीत किती मध राहू द्यावा, तो कोठे राहू द्यावा आणि पावसाळ्यानंतर उरलेल्या मधाचे काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

मध कोणासाठी?

फुलांतून गोळा केलेल्या मकरंदात पाण्याचे प्रमाण पुष्कळ असते. कामकरी माशा तो पोटातील मधुपिशवीतून पेटीत आणतात, एकमेकींच्या मुखातून फिरवितात, त्यात आपल्या शरीरातील पाचक द्रव्ये मिसळतात आणि पंखांनी वारा घालून त्यातील पाणी आटवितात. पाण्याचा अंश साधारणतः वीस टक्क्यांपर्यंत खाली आला की, मध परिपक्व होतो. मग षट्कोनी घरावर मेणाचे पातळ झाकण बसविले जाते. असा झाकलेला मध दीर्घकाळ टिकतो. एवढा खटाटोप मधमाशी माणसासाठी करीत नाही. फुले नसतील त्या दिवसांत वसाहतीने जगावे, यासाठीच हे कोठार असते.

वसाहतीत अंडी आणि अळ्या असतात तेथील तापमान मधमाशा ३३ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास राखतात. बाहेर गार वारा आणि संततधार पाऊस असताना ही ऊब त्या स्नायूंच्या हालचालीने निर्माण करतात. त्यासाठी लागणारे इंधन म्हणजे मध होय. अळ्यांच्या पोषणासाठी मधाबरोबर परागही लागतो. मकरंद व पराग यांची आवक थांबली की, राणीमाशीचे अंडी घालणे कमी होते आणि वसाहतीचा आकार आक्रसतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु साठाच संपला, तर मधमाशांपुढे दोनच मार्ग उरतात : पेटीतच उपाशी मरणे किंवा पेटी सोडून जाणे.

आपल्याकडील सातेरी मधमाशी दुसरा मार्ग चटकन पत्करते. अन्नाची टंचाई, मेणकिड्याचा उपद्रव, मुंग्यांचा त्रास अशी कारणे घडली की, सारी वसाहत राणीसह उठून निघून जाते. युरोपीय मेलिफेरा जातीची मधमाशी त्या मानाने पेटीला धरून राहते. म्हणूनच सातेरीच्या पालनात राखलेल्या मधाला विशेष महत्त्व आहे.

तेथील हिवाळा, आपला पावसाळा

मधमाशापालनावरील पुष्कळसे साहित्य थंड प्रदेशांत लिहिले गेले आहे. तेथे वर्षातील कठीण काळ म्हणजे हिवाळा. बर्फ पडू लागल्यावर मधमाशा पेटीत एकमेकींना बिलगून गोळा करून राहतात आणि साठविलेल्या मधावर अनेक महिने काढतात. अशा प्रदेशांत मेलिफेराच्या एका वसाहतीसाठी वीस किलो व अतिथंड भागात त्याहून बराच अधिक मध राखून ठेवावा लागतो. आपल्या देशातही काश्मीर आणि हिमाचल प्रदेशाच्या उंच भागांत हिवाळ्यापूर्वी पेट्यांना गवत-पेंढ्याचे आवरण घालून अशीच तयारी करतात. काही मधपाळ आपल्या पेट्या मैदानी प्रदेशातील मोहरीच्या शेतांकडे हलवितात.

महाराष्ट्रातील चित्र निराळे आहे. येथील हिवाळा मधमाशांना सोसवतो. अनेक ठिकाणी तो फुलोऱ्याचाही काळ असतो. आपली कसोटी जून ते सप्टेंबर या महिन्यांत लागते. महाबळेश्वर परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश या चार महिन्यांतच कोसळतो. दिवसचे दिवस धुके उठत नाही. मधमाशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडता आलेच तरी फुलांतील मकरंद पावसाने धुऊन गेलेला असतो. तेव्हा हिवाळ्याच्या तयारीविषयी परदेशी पुस्तकांत जे सांगितले आहे, त्यातील तत्त्व घ्यावे, पण महिने मात्र आपले धरावेत. तेथे जे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, ते आपल्याकडे मेअखेर व्हावयास हवे.

घाटमाथ्याचा फुलोरा

महाबळेश्वर, जावळी आणि कोयनेच्या खोऱ्यातील मधाचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा असतो. गेळा, अंजनी, जांभूळ आणि हिरडा ही झाडे साधारणतः फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत क्रमाक्रमाने फुलतात. जांभळाचा व हिरड्याचा मध बाजारात त्या त्या नावाने ओळखला जातो. हा हंगाम संपतो न संपतो तोच वळिवाच्या सरी येतात आणि पुढे पावसाळा लागतो. म्हणजे भरपूर आवक आणि पूर्ण टंचाई यांच्यामध्ये जेमतेम काही दिवसांचेच अंतर असते. मे महिन्याच्या शेवटी काढलेला मध मधमाशांना पुन्हा भरून काढता येत नाही, कारण भरून काढावयास फुलेच उरलेली नसतात.

पावसाळा सरताना चित्र पालटते. डोंगरउतारावर कारवी व व्हायटी यांचा बहर येतो. कारवी दर वर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर तिच्या फुलांनी भरून जातात. मुंबईलगतच्या डोंगरांत २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी असा बहर आला होता. आठ वर्षांनी येणारी ही संधी साधण्यासाठी त्या वेळी पेटीत माशांचे बळ असावे लागते. ऑगस्टमध्ये उपासमारीने मूठभर झालेली वसाहत समोर डोंगर फुललेला असूनही मध जमवू शकत नाही. पावसाळ्यात राखलेल्या मधाचा मोबदला असा पुढील हंगामात मिळतो.

लाकडी पेटीने दिलेली सोय आणि जबाबदारी

पूर्वी मोहोळ कापून, पिळून मध काढीत. त्यात पोळे नष्ट होई आणि अंडी-अळ्याही मरत. सुटत्या चौकटींच्या पेटीने हे चित्र बदलले. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली दोन पोळ्यांमध्ये मधमाशा किती अंतर मोकळे ठेवतात हे ओळखून पेटी बनविली. पुढे १८६५ साली पोळे न मोडता, ते गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र निघाले. भारतीय मधमाशीच्या लहान आकारास साजेशी पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी प्रचारात आणली. महाराष्ट्रात या उद्योगाची संघटित उभारणी महाबळेश्वर येथे १९४६ पासून झाली, तर पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था १९६२ साली स्थापन झाली.

या पेटीमुळे रिकामी पोळी मधमाशांना परत देता येतात. मेण तयार करण्यासाठी मधमाशीला मेणाच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. तो वाचल्याने उत्पादन वाढते. परंतु याच सोयीने एक मोहही निर्माण झाला. पूर्वी मोहोळाचा हाती लागेल तेवढाच भाग कापला जाई. आता यंत्राने शेवटच्या घरापर्यंतचा मध काढणे शक्य झाले. साधन सुधारले की, ते वापरणाऱ्याची जबाबदारीही वाढते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पेटीला दोन कोठ्या असतात. खालच्या कोठीत राणी अंडी घालते आणि पिले वाढतात. तिच्यावर ठेवलेल्या मधकोठीत हंगामातील जादा मध साठतो. पहिला नियम असा की, मध काढावयाचा तो वरच्या कोठीतूनच. खालच्या कोठीतील पोळ्यांच्या वरच्या व कडेच्या भागात असलेला मध ही वसाहतीची शिदोरी आहे. तिला हात लावू नये.

किती मध ठेवावा?

याचे उत्तर साध्या हिशेबाने काढता येते. टंचाईच्या दिवसांत भारतीय मधमाशीच्या एका वसाहतीला आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखर पाकाच्या रूपाने द्यावी, अशी शिफारस कृषी तज्ज्ञ करतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने म्हणजे सतरा आठवडे. त्यानुसार ३ किलो ४०० ग्रॅम साखर लागेल. मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते. म्हणजे तेवढेच पोषण मधातून मिळावयाचे, तर सव्वाचार किलो मध हवा.

हा आकडा अटळ नियम मानू नये. पावसाच्या उघडिपीत मधमाशांना बाहेरून थोडेफार मिळते. कोकणच्या सखल भागात आणि देशावर कमी पाऊस असल्याने गरज कमी पडते. घाटमाथ्यावर ती पूर्ण पडते. परंतु या हिशेबाने कामाचे प्रमाण ध्यानात येते. सातेरीच्या एका पेटीचे वार्षिक उत्पन्न साधारणतः पाच ते दहा किलोच्या घरात असते. म्हणजे वसाहतीची पावसाळी गरज ही चमचाभर मधाची बाब नसून, वर्षाच्या उत्पन्नाशी तुलना करता येईल एवढी मोठी असते. काढणीच्या दिवशी खालच्या कोठीतील साठा नजरेने पाहावा. तो भरपूर असेल, तर मधकोठीतील मध काढून घेण्यास हरकत नाही. तो अपुरा असेल, तर मधकोठीतील झाकलेली काही पोळी तशीच राहू द्यावीत.

येथे मधपाळाची अडचणही समजून घेतली पाहिजे. मेअखेरीस शेतकऱ्याला बियाणे, खते, मुलांची पुस्तके असे अनेक खर्च समोर उभे असतात आणि मध हे तत्काळ पैसे देणारे उत्पादन आहे. अशा वेळी पेटीत मध ठेवा, असे सांगणे सोपे आणि ऐकणे अवघड असते. पण बियाण्याचे धान्य कितीही अडचण आली तरी शेतकरी दळत नाही. पेटीतील शेवटचे चार किलो हे बियाणेच आहे. ते विकले, तर पुढील हंगामासाठी नवी वसाहत विकत घ्यावी लागते किंवा रानातून पकडून आणावी लागते. ती पेटीत स्थिरावून मध देऊ लागेपर्यंत हंगामाचा मोठा भाग निघून जातो. शिवाय दर वर्षी अशा वसाहती रानातून आणल्याने रानातील मोहोळे कमी होतात, हे नुकसान तर साऱ्या गावाचे असते.

मध कोठे आणि कसा ठेवावा?

पेटीत मध आहे, पण मधमाशांना तो पोचत नाही, अशीही स्थिती उद्भवते. वसाहत लहान झाल्यावर माशा थोड्याच पोळ्यांवर एकवटतात. दूरच्या पोळ्यावरील मधाची राखण त्यांना करता येत नाही. त्यामुळे मेअखेरीस पोळ्यांची फेरमांडणी करावी. पिलांची पोळी मध्यभागी, त्यांच्या दोन्ही बाजूंस मधाची व परागाची पोळी, आणि त्यापलीकडे आडवी फळी घालून जागा आवळून घ्यावी. माशांनी झाकली जातील तेवढीच पोळी पेटीत असावीत. जादा कोरी पोळी आणि मोकळी मधकोठी काढून घ्यावी. मधकोठीतील पोळी राखावयाची झाल्यास ती पिलांच्या बरोबर वर एकत्र ठेवावीत.

अर्धवट भरलेली, झाकणे न लागलेली पोळी हा वेगळा प्रश्न आहे. चौकट आडवी धरून हलका झटका दिला असता थेंब उडाले, तर मध कच्चा आहे असे समजावे. असा मध काढून विकू नये. त्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो बाटलीत आंबतो. पावसाळी दमट हवेत उघड्या घरांतील मध आणखी ओलावा शोषून घेतो. यास्तव अशी पोळी फळीच्या पलीकडे ठेवून मधमाशांनाच देऊन टाकावीत. त्या तो मध उचलून पिलांजवळच्या घरांत आणतात. पोळ्यावर थोडीबहुत झाकणे असल्यास ती सुरीने हलकेच खरवडावीत. दोन-तीन दिवसांत पोळे कोरडे होते. मग ते काढून घ्यावे. हे काम पावसाचा जोर होण्यापूर्वीच उरकावे.

अगदी दुबळ्या वसाहतीला कितीही मध दिला, तरी ती पावसाळ्यात ऊब राखू शकत नाही. अशा दोन निरोगी वसाहती मेमध्येच एकत्र कराव्यात. एक राणी काढून, दोन्ही कोठ्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवला, तर माशा तो कुरतडेपर्यंत दोन्हींचा गंध एक होतो आणि भांडण होत नाही. दोन पेट्या गमावण्यापेक्षा एक जोमदार पेटी राखणे केव्हाही हिताचे.

काढून घेतलेल्या पोळ्यांचे रक्षण

तयार पोळे ही मधपाळाची ठेव आहे. पण मेणकिड्याची मादी अशा पोळ्यांत अंडी घालते आणि अळ्या मेण पोखरून जाळ्यांचा गुंता करून टाकतात. माशांचा वावर नसलेले पोळे दमट दिवसांत फार काळ सुरक्षित राहत नाही. कोरडी केलेली पोळी बंद पेटीत एकावर एक रचून, फटी कागदाने चिकटवून, गंधकाची धुरी देण्याची पद्धत रूढ आहे. धुरीने अळ्या व पतंग मरतात, पण अंडी मरत नाहीत. म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा द्यावी लागते. जेथे वीज व शीतपेटी आहे, तेथे पोळी दोन दिवस गोठवून नंतर हवाबंद पिशवीत ठेवणे अधिक चांगले. कपड्यांत घालावयाच्या डांबराच्या गोळ्या मात्र मुळीच वापरू नयेत. त्यांचा अंश मेणात उतरतो आणि पुढील हंगामातील मधात येतो. जुनी, काळी पडलेली पोळी साठविण्याऐवजी वितळवून त्यांचे मेण करावे.

साखरेचा पाक : पूरक की पर्याय?

मध महाग आणि साखर स्वस्त असताना सारा मध विकून मधमाशांना साखर का देऊ नये, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. साखरेच्या पाकावर मधमाशा जगतात आणि टंचाईत तो द्यावाही लागतो. पण त्याला मर्यादा आहेत. घाटमाथ्यावरील भर पावसात दर आठवड्याला प्रत्येक पेटी उघडणे म्हणजे तितक्या वेळा तिची ऊब घालविणे होय. रानातील पेटीपर्यंत ओढे ओलांडून जाता येईलच, याचीही शाश्वती नसते. एखादा आठवडा चुकला, तर साठा नसलेली वसाहत थोड्याच दिवसांत कोसळते. पेटीतील मधाला असे वेळापत्रक लागत नाही. म्हणून मध हा मुख्य आधार आणि पाक ही अडीअडचणीची तजवीज, असा क्रम असावा.

पाक देताना काही पथ्ये पाळावीत. साखर व पाणी समभाग घेऊन, पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी आणि पाक थंड झाल्यावर सायंकाळी पेटीच्या आत ठेवावा. भांड्यात काड्या किंवा गवत घालावे, म्हणजे माशा बुडत नाहीत. एका ठिकाणच्या सर्व पेट्यांना एकाच वेळी पाक द्यावा. अन्यथा सबळ वसाहत दुबळीला लुटते. बाहेर पाक सांडू देऊ नये. गूळ किंवा काकवी देऊ नये, त्यातील अशुद्ध द्रव्यांनी माशांना हगवण लागते. बाजारातील किंवा अनोळखी पेटीतील मधही देऊ नये, कारण मधातून रोग पसरतात. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील भारतीय मधमाशांच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. हा रोग माणसाला बाधत नाही, परंतु अळ्यांचा नाश करतो. निरोगी पेटीचा मध तिच्याच उपयोगी आणणे हे यावरचे सोपे पथ्य आहे.

पेटीची पावसाळी व्यवस्था

आतील मध राखण्यासाठी बाहेरचे आवरणही नीट हवे. पेटी जमिनीपासून उंच घोडीवर, वाऱ्याच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवावी. दार नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे नसावे. पेटी दाराच्या बाजूस किंचित उतरती ठेवली, तर आत शिरलेले पाणी वाहून जाते. छपरावर पत्रा किंवा गवताची झडी घालावी, पण हवा खेळती राहू द्यावी. कोंडलेल्या वाफेने पोळ्यांना बुरशी येते. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्याने मुंग्या-मुंगळे चढत नाहीत. दार अरुंद केल्याने गांधीलमाशा आणि लुटारू मधमाशा यांना अटकाव होतो. तळफळीवरील मेणाचा चुरा उघडीप मिळताच झाडून टाकावा, कारण मेणकिडा तेथूनच सुरुवात करतो.

साठा पाहण्यासाठी दर वेळी पेटी उघडण्याचे कारण नाही. मागील बाजूने ती हाताने किंचित उचलावी. मेअखेरीचे वजन हाताला परिचित असेल, तर ऑगस्टमधील हलकेपणा तत्काळ कळतो. पेटी हलकी लागली, तर पाक देण्याची वेळ आली असे समजावे.

पावसाळ्यानंतर उरलेला मध

सप्टेंबरअखेर ऊन पडू लागले की, पहिली सविस्तर तपासणी करावी. पुष्कळ पेट्यांत थोडा मध शिल्लक असतो. तो काढून विकण्याची घाई करू नये. या काळात राणी पुन्हा जोमाने अंडी घालू लागते आणि अळ्यांच्या वाढीसाठी हाच मध कामी येतो. पोळ्यात साखरेसारखा थिजलेला मध आढळला, तर तो वापरण्यासाठी माशांना पाणी लागते. म्हणून पेटीजवळ स्वच्छ पाण्याची सोय ठेवावी. आंबूस वास येणारा मध असलेले पोळे मात्र काढून टाकावे.

पावसाळ्यात पाक दिला असेल, तर आणखी एक दक्षता अत्यावश्यक ठरते. माशा पाकाचा काही भाग घरांत साठवितात. त्यावर मेणाचे झाकणही बसते आणि तो दिसावयास मधासारखाच दिसतो. परंतु तो फुलांचा मध नव्हे. नव्या हंगामाची मधकोठी चढविण्यापूर्वी पाक देणे बंद झालेले असले पाहिजे आणि खालच्या कोठीतील जुना साठा विक्रीच्या मधात मिसळता कामा नये. अन्नसुरक्षेच्या कायद्याने मधाची मानके ठरविली असून, साखरेची भेसळ तपासणीत उघडकीस येते. एका पेटीतील बेपर्वाईने साऱ्या गावाच्या मधाचे नाव खराब होऊ शकते.

गावाचा सहभाग

मधमाशा पावसाळ्यात तगल्या, तर त्याचा लाभ केवळ मधपाळाला होत नाही. डोंगरउतारावरील कारळा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळ्या फुलांनी भरतो. या पिकात परपरागीभवन होते आणि मधमाशांच्या वावराने त्याचे दाणे चांगले भरतात. पुढे सूर्यफूल आणि कांद्याचे बियाणे यांनाही मधमाशा लागतात. ऑगस्टमध्ये रिकामी झालेली पेटी ऑक्टोबरमध्ये कोणाच्याच शेताला उपयोगी पडत नाही.

या दृष्टीने स्थानिक संस्थांना बरेच काही करता येईल. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून पुढे आले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावानेही तो मार्ग धरला. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेतून प्रशिक्षण व साहित्यासाठी अनुदान मिळते. ग्रामपंचायतींनी मे महिन्याच्या ग्रामसभेत पेट्यांच्या पावसाळी तयारीचा विषय घ्यावा, पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या काढणीची तारीख गावाने एकत्र बसून ठरवावी आणि पडीक जागेत जांभूळ, हिरडा यांची लागवड करावी. ज्या मधपाळास मेअखेरची आर्थिक निकड भासते, त्याला सहकारी संस्थेकडून किंवा बचत गटाकडून अल्प उचल मिळाली, तर पेटीतील बियाण्याचा मध वाचेल. पेट्या वाटल्या किती, याबरोबरच सप्टेंबरअखेर त्यांतील नांदत्या किती राहिल्या, याचीही नोंद विस्तार अधिकाऱ्यांनी ठेवावी. या उद्योगाच्या यशाचे खरे माप तेच आहे. शाळांतून शिक्षकांनी परिसरातील फुलोऱ्याचे कॅलेंडर विद्यार्थ्यांकडून तयार करवून घेतले, तर कोणत्या महिन्यात मधमाशांना काय मिळते आणि कोणत्या महिन्यात काहीच मिळत नाही, हे साऱ्या गावाला एका दृष्टिक्षेपात कळेल.

मधमाशीकडून मध घेण्यात गैर काही नाही. आपण तिला निवारा देतो, राखण करतो आणि जादा साठ्यातील वाटा घेतो, असा हा व्यवहार आहे. पण जादा कोणते आणि गरजेचे कोणते, हे ठरविण्याचा अधिकार पेटी उघडणाऱ्याच्या हाती असतो. तो अधिकार मेअखेरीस जो विवेकाने वापरील, त्याची पेटी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा गुणगुणताना आढळेल.